कासवं बघायला नाही, मोजायला : चेन्नईच्या एका व्हॉलंटिअरिंग ट्रिपचं प्रकरण

२०२५ च्या जानेवारीत मावसबहिणीचा फोन आला. ही हिंजवडीत आयटीत आहे, तिची एक कोल्हापूरची मैत्रीण तीही तिथेच, दोघींची सुट्टी साठलेली आणि मार्चच्या आत घेतली नाही तर बुडणार. दरवेळी केरळ नाहीतर उटी, हाउसबोट, चहाचे मळे, फोटो काढा आणि परत या, याचा दोघींना वीट आलेला, म्हणून यावेळी साउथला जाऊन व्हॉलंटिअरिंग करायचं ठरलं होतं. मी नोकरीपायी काही वर्षं चेन्नईत, अड्यारला राहिलोय, त्यामुळे आमच्या घरात साउथ म्हटलं की फोन मला, मग ते तिरुपतीचं दर्शन असो नाहीतर कांजीवरम साडी.

त्यांनी एक पॅकेज बघून ठेवलेलं. कुठल्यातरी एजन्सीचं, आठवड्याचे पैसे भरायचे, राहणं-जेवण त्यांच्याकडे, दिवसातून चार तास अनाथाश्रमातल्या मुलांना इंग्लिश शिकवायचं आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेट.

"तुला तमिळ येतं का गं?" मी विचारलं.

"नाही रे दादा, पण लहान मुलं आहेत, होईल मॅनेज."

"म्हणजे या सोमवारी तू जाऊन गुड मॉर्निंग शिकवणार, पुढच्या सोमवारी दिल्लीची कोणीतरी येऊन परत गुड मॉर्निंगच शिकवणार. त्या पोरांनी वर्षभरात किती वेळा गुड मॉर्निंग शिकायचं?"

ती हसली, पण तिला लागलं असावं, कारण मग गप्पच झाली. माझा मुद्दा साधा होता. आधीच घर सुटलेली मुलं, त्यांना दर आठवड्याला नवीन ताई येऊन जीव लावणार आणि निघून जाणार, यात भलं कोणाचं होतं? ताईचं होतं, एजन्सीचं होतं. शिवाय अशा संस्थेला २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची आहे, आणि ज्या ठिकाणी पैसे भरले की कोणीही अनोळखी माणूस थेट मुलांच्यात जाऊन बसू शकतो तिथे नोंदणी असली तरी मी तरी चार प्रश्न जास्तच विचारेन. असली कामं तपासताना मी दोन गोष्टी बघतो. तुम्ही गेला नाहीत तर कोणाचं काय अडणार आहे, आणि तुम्ही निघाल्यावर दुसऱ्या दिवशी ते काम कोण करणार आहे. पॅकेजवाल्यांकडे दोन्हीला उत्तर नव्हतं, बहिणीने खरंच फोन करून विचारलं होतं.

मग मी तिला कासवांचं सांगितलं.

चेन्नईत कासवं?

हा प्रश्न सगळेच विचारतात, चेन्नईत राहणारेसुद्धा. ऑलिव्ह रिडले ही समुद्री कासवांची जात म्हटलं की ओडिशा डोळ्यासमोर येतं, गहिरमाथा, ऋषिकुल्या, लाखोंनी कासवं एकदम किनाऱ्यावर. चेन्नईत तसं नाही, इथे एकेकटी मादी रात्री येते, वाळूत घरटं खणते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून वरून स्वतःच्या अंगाने धपाधप दाबते आणि तासाभरात परत समुद्रात. साधारण जानेवारी ते मार्च हा सीझन. प्रश्न असा की जिथे ती येते तिथे मागे ईस्ट कोस्ट रोडचे दिवे आहेत, बंगले आहेत, भटकी कुत्री आहेत, पहाटे फिरायला येणारी माणसं आहेत. अंडी कुत्र्यांनी उकरली नाहीत तरी पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती उजेडाच्या दिशेने धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ बाजू समुद्राची असते, इथे रस्त्याची असते. मग पिल्लं रस्त्यावर.

म्हणून इथे अंडी उचलून कुंपणाच्या आत, हॅचरीत नेऊन पुरतात आणि पिल्लं निघाली की समुद्रात सोडतात. हे काम मद्रासमध्ये सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला स्नेक पार्कवाले रोम्युलस व्हिटेकर आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी सुरू केलं, पुढे सरकारी खात्यांनी काही वर्षं चालवलं, आणि ते थांबल्यावर १९८८ च्या सुमारास कॉलेजच्या पोरांनी उचललं. स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्वेशन नेटवर्क हे नाव तेव्हापासूनचं. तेव्हाच्या त्या पोरांतले एक कार्तिक शंकर, पुढे बेंगळुरूच्या आयआयएससीत प्राध्यापक झाले आणि भारतातल्या समुद्री कासवांवर मोठं काम केलं. बाकी पिढ्या बदलत गेल्या पण चालणं बंद पडलेलं नाही. चेन्नईच्या दक्षिणेला नीलांकरैला टीआरईई फाउंडेशन आहे, २००२ पासून, सुप्रजा धारिणी यांचं, तिथे मच्छीमार गावांतली तरुण मंडळीच किनारा राखतात.

या पोरांच्या आधीचा वेडा माणूस म्हणजे सतीश भास्कर. आयआयटी मद्रास अर्धवट सोडली आणि देशाचा किनारा पायी तुडवून कुठे कुठली कासवं अंडी घालतात ते नोंदवलं. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपच्या निर्मनुष्य सुहेली बेटावर महिनोन्महिने एकटा राहिला, बायकोला चिठ्ठी लिहून बाटलीत घालून समुद्रात फेकली, ती श्रीलंकेत एका मच्छीमाराला सापडली आणि त्याने पत्त्यावर पाठवूनही दिली. नंतर ते गोव्यात राहायचे, २०२३ मध्ये गेले. हे प्रकरणाच्या बाहेरचं आहे, पण कासवांचा विषय निघाला आणि भास्करांचं नाव घेतलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं.

तर सांगायचं हे, की वीकेंडच्या रात्री नेटवर्कचे हे विद्यार्थी बाहेरच्या लोकांनाही सोबत चालायला घेतात. पैसे नाहीत, सर्टिफिकेट नाही. बहिणीची पहिली प्रतिक्रिया, "एवढंच? चालायचं फक्त?" मी म्हटलं हो, एवढंच.

रात्र

फेब्रुवारीत गेलो, मलाही तिकडे एक काम होतं म्हणून मीसुद्धा. मुंबईहून पुणे, सोलापूरमार्गे जाणारी गाडी, दुसऱ्या दिवशी चेन्नई. रात्री अकराच्या आसपास नीलांकरैच्या किनाऱ्यावर जमलो, चाळीसेक माणसं असतील, निम्मे कॉलेजचे, एक-दोन कुटुंबं शाळकरी मुलांना घेऊन आलेली, एक आजोबा टोपी घालून. सुरुवातीला बराच वेळ एक मुलगा वाळूत बसून माहिती देत होता, इंग्लिश आणि तमिळ एकात एक. टॉर्च लावायचा नाही, फ्लॅश नाही, कासव दिसलं तर मागून यायचं, समोर जायचं नाही, आरडाओरडा नाही, आणि सगळ्यात शेवटी, "तुम्हाला आज कासव दिसेलच असं काही नाही, त्यासाठी आला असाल तर आत्ताच घरी जाऊन झोपा." लोक हसले. पोरगा हसला नाही.

मग चप्पल हातात, पाण्याच्या कडेकडेने उत्तरेकडे, बेसंट नगरच्या दिशेने, सहा-सात किलोमीटर. मैत्रिणीला पहिल्या अर्ध्या तासातच कळलं की ओल्या वाळूत चालणं म्हणजे जिमची ट्रेडमिल नाही. पुढे दोन पोरं आणि हातात काठी, त्यांची नजर वाळूवर. चंद्र नव्हता, पण शहराच्या उजेडाने आकाश पिवळट दिसत होतं, आणि आपल्याला जे बरं वाटतं तेच पिल्लांना मारतं हे तिथे वेगळं समजवायला लागत नाही.

दीडच्या सुमारास माग दिसला. पाण्यातून वर गेलेला आणि परत खाली आलेला, दोन्ही बाजूंना फ्लिपरच्या आळीपाळीने उमटलेल्या खुणा, मादी येऊन गेलेली होती. वर एका ठिकाणी वाळू विस्कटलेली. आता त्या विस्कटलेल्या दोन-तीन हात जागेत घरटं नेमकं कुठे हे कळायला हवं, नाहीतर सगळंच उकरावं लागेल. पुढच्या पोराने काठी हलकेच टोचत टोचत जागा तपासायला सुरुवात केली. एका ठिकाणी काठी जरा सैल गेली, तशी त्याने ती लगेच बाजूला टाकली आणि हाताने खणायला घेतलं. कोपरापर्यंत हात गेला. मग एकेक अंडं वर. पांढरं, गोल, मोठ्या लिंबाएवढं, कवच कडक नाही, बोटाने जरा दबतं. दहा-दहाची मोजणी, घरट्यातलीच ओली वाळू पिशवीत तळाला, त्यावर अंडी. एकशे सतरा निघाली. खोली मोजली, तोंडाची रुंदी मोजली, कारण हॅचरीत तसाच खड्डा करायचा असतो, वर अरुंद, खाली फुगीर, साधारण दीड फूट. आणि हे सगळं पटापट, कारण अंडं घातल्यावर काही तासांत आतला गर्भ कवचाला आतून चिकटतो, त्यानंतर अंडं उलटंसुलटं झालं तर मेलंच.

बहिणीला पिशवी धरायला मिळाली. हलवू नकोस म्हणून सांगितलं होतं तर ती पुढचा अर्धा तास अशी चालत होती की रस्त्यावर कोणी बघितलं असतं तर डॉक्टरकडे नेलं असतं.

आणि मग तिरुवान्मियूरच्या अलीकडे वास आला.

मेलेलं कासव. दोन-तीन दिवसांचं असावं. शाळकरी मुलं मागे थांबवली, पण पाठवून दिली नाहीत, हे मला आवडलं. एकोणीस-वीस वर्षांची एक मुलगी खिशातून टेप काढून खाली बसली, वाकडी टेप पाठीवरून लावून लांबी, मग रुंदी. अडुसष्ट. सहासष्ट. शेपूट बघितलं, आखूड, म्हणजे मादी, नराची शेपटी कवचाबाहेर चांगली लांब येते. जखम? नाही. डोळे सुजून बाहेर आलेले, मान फुगलेली. "नेट," एवढंच ती म्हणाली. वही बहिणीकडे दिली होती कारण तिचं अक्षर बरं आहे असं मीच पुढे होऊन सांगितलेलं. वेळ, जागा, लांबी, रुंदी, मादी, बाहेरून जखम नाही. मोजून झाल्यावर कवचावर खूण केली, म्हणजे उद्या येणारे तेच परत मोजणार नाहीत. बेसंट नगरला पोचेपर्यंत अशा अजून काही नोंदी झाल्या.

जिवंत कासव दिसलं नाही. साडेचारला हॅचरी, अंडी पुरली, खुंटीवर तारीख आणि संख्या. बेसंट नगरच्या किनाऱ्यावर कार्ल श्मिटच्या स्मारकाची पांढरी कमान आहे, तिच्यापाशी बसून राहिलो, उजाडल्यावर पोंगल आणि फिल्टर कॉफी. मैत्रीण टेबलावरच झोपली.

हिशोब

आता प्रकरणाचा खरा भाग. दोघींनी सुट्टी खर्च करून, वीस-बावीस तास रेल्वेत बसून नेमकं काय केलं?

अंडी वाचवली म्हणावं तर त्या गेल्या नसत्या तरी पोरांनी ती काढलीच असती. एकशे सतरातली बरीच पिल्लं निघतील, पण मोठी होईपर्यंत हजारातलं एखादंच टिकतं असं सगळीकडे सांगतात, म्हणजे एका घरट्यामागे एक मोठं कासवही धरता येत नाही. आणि त्याच सीझनला, जानेवारीत, चेन्नई आणि आजूबाजूच्या किनाऱ्यावर हजाराच्या वर मेलेली ऑलिव्ह रिडले वाहून आलेली. ही मोठी, अंडी घालायच्या वयाची, त्या वयात यायला पंधराएक वर्षं लागतात. गंमत म्हणजे, गंमत कसली, त्याच फेब्रुवारीत ओडिशात ऋषिकुल्याला सात लाखांच्या घरात माद्या आल्या, रेकॉर्ड झालं, पेपरात फोटो. एकीकडे तो आनंदीआनंद आणि इकडे पोरं टेप लावून मुडदे मोजतायत.

कासव फुप्फुसाने श्वास घेतं हे आपण विसरतो. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकलं आणि जाळं तास-दोन तास खालीच राहिलं की बुडून मरतं. तमिळनाडूत कासवांच्या सीझनला यांत्रिक बोटींना किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत मासेमारी करायला बंदी आहे, कागदावर. जाळ्यात बसवायची टर्टल एक्सक्लुडर डिव्हाइस म्हणून एक जाळी असते, कोळंबी मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून बाहेर पडतं, ती वापरत नाहीत म्हणून अमेरिकेने २०१९ पासून आपली समुद्रातली पकडलेली कोळंबी घेणं बंद केलंय. ट्रॉलरवाले म्हणतात फटीतून मासळीपण जाते, आणि ती थोडीफार जात असणारच, उगाच कोणी अडून बसत नाही. मासेमारी बंदी आहे ना, असं बहिणीने विचारलं. आहे, पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून, एकसष्ट दिवस, म्हणजे कासवं येऊन, अंडी घालून, मरून गेल्यावर. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै. ही बंदी माशांच्या विणीसाठी ठरवलेली आहे, कासवांचा त्यात विचारच नाही.

इथे एक मुद्दाम सांगतो, कारण पुण्यात परत आल्यावर चर्चा लगेच "हे मच्छीमारच असे" वर गेली. किनाऱ्यावरच्या कुप्पममधला, म्हणजे मच्छीमार वस्तीतला, फायबरच्या छोट्या बोटीवाला आणि मोठा ट्रॉलरवाला यांना एकाच माळेत ओवू नका. ट्रॉलर आत घुसले की छोट्या बोटींची जाळी फाटतात, मासळी जाते, त्यांची भांडणं जुनी आहेत. ऊरूर कुप्पमच्या अण्णांशी दहा मिनिटं बोललात तरी कळतं, ट्रॉलरवर त्यांचा राग आपल्यापेक्षा जास्त आहे आणि तो कासवांवरून नाही, पोटावरून आहे.

मग परत तो प्रश्न, दोघींनी काय केलं. माझं मत असं की वहीतल्या त्या नोंदी हेच काम, अंडी हा वरचा भाग. जानेवारीतल्या त्या मृत्यूंवर राष्ट्रीय हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली, केंद्रीय मंत्रालयापर्यंत प्रकरण गेलं, गस्त वाढवली, ट्रॉलरवर कारवाया झाल्या. हे हजार कुठून कळले? वन खात्याची माणसं, मच्छीमार पोरं आणि हे रात्री चालणारे, यांनी तोच किनारा रोज तुडवला म्हणून. एखाद्या वर्षी अचानक मोजायला गेलं असतं तर हजार हा आकडा जास्त की नेहमीचाच हेच सांगता आलं नसतं. आधीच्या इतक्या वर्षांच्या कंटाळवाण्या वह्या होत्या म्हणून सांगता आलं. आणि असली वही रोज भरायला पाय लागतात, पस्तीस वर्षांहून जास्त, परीक्षा असो नाहीतर पोंगल. विद्यार्थी पास होऊन निघून जातात, नवीन येतात, मधल्या खिंडारात वीकेंडचे लोक. अगदी अनोळखी पाहुणा पण बसेल असं काम आहे, भाषा लागत नाही, कौशल्य लागत नाही, आणि तो नाही आला तरी बंद पडत नाही. माझ्या पहिल्या प्रश्नाला हे काम तसं पूर्ण पास होत नाही, पण दुसऱ्याला असं पास होतं की पहिला सोडून देतो मी.

हॅचरीबद्दल मात्र सगळं आलबेल आहे असं नाही. अंडी शक्यतो जागेवरच राहू द्यावीत हे जाणकारही सांगतात. कासवाचं पिल्लू नर की मादी हे वाळूच्या तापमानावर ठरतं, वाळू जास्त तापली की माद्याच माद्या, त्यामुळे चुकीच्या जागी हॅचरी केली तर वर्षानुवर्षं फक्त माद्याच सोडत बसाल आणि कळणारही नाही, म्हणून उन्हाळा चढला की वर सावली करतात. शहरात दुसरा इलाज नाही म्हणून हॅचरी.

वेळास आठवणारच

बहिणीने परतीच्या गाडीत विचारलं, हे वेळासला पण आहे ना? आहे की. मंडणगड तालुक्यात, चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने, भाऊ काटदरे आणि मंडळींनी २००२ पासून काम सुरू केलं, २००६ पासून कासव महोत्सव, गावातल्या घरांत राहायचं, उकडीचे मोदक, सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्रात जाताना बघायची. तिथे गावाला होमस्टेचे पैसे मिळतात म्हणून गाव कासवं राखतं, पूर्वी तीच अंडी खाल्ली जायची. बघायचं असेल, मुलांना दाखवायचं असेल तर वेळासच, उगाच चेन्नईला जाऊन रात्र जागवू नका. चेन्नईत दाखवायला काही नाही, तुमच्याकडून काम करून घेतात.

मैत्रिणीचं मत वेगळं पडलं, तेही लिहितो. ती म्हणाली मला परत यायचं नाही, मेलेली कासवं मोजून मला काही बरं वाटलं नाही, मी पैसे देईन पण चालणार नाही. यात चूक काय आहे? बहिणीने मात्र त्याच सुट्टीत अजून एक रात्र केली, तेव्हा तर माग पण नाही दिसला, नुसतं चालणं.

कोणाला जायचं असेल तर पोंगलच्या आसपास, म्हणजे जानेवारीच्या मध्यावर, गाड्या फुल असतात आणि शहरात खोल्याही महाग, फेब्रुवारीत जा. पिल्लं सोडताना बघायची असतील तर मार्चपासून पुढे, संध्याकाळी हॅचरीपाशी, पण तेव्हा चेन्नईचं ऊन आणि घाम दोन्ही सुरू झालेले असतात. रात्रीच्या चालण्याला विंडचीटर नको, पाण्याची बाटली हवी, आणि दुसऱ्या दिवशी महाबलीपुरमचा प्लॅन करू नका, झोपा.